तीन नंबरची झाडलोट

मिठबावच्या तिठ्यावर सत्यवान लोकेचं सायबर कॅफे होतं. कॅफे आपलं पाटीपुरतं. आत पाण्याचा घोटही मिळायचा नाही, कारण पाणी सांडतं. तीन कॉम्प्युटर, टेलिफोनची एक लाइन, बाहेर एक बाकडं आणि दारावर ‘चपला बाहेर’ ही पाटी, दुकानाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत. देवळात चपलांसकट पायरी चढणारे महाभाग ह्या दारात निमूट अनवाणी व्हायचे. पाटीखाली बादली, तांब्या, साबण. हात धुतल्याशिवाय की-बोर्डला बोट लावायचं नाही असा कायदा, आणि तो मोडणाऱ्याला सत्यवान सगळ्यांदेखत परत बादलीकडे धाडायचा, मग तो सरपंच का असेना.

माणूस चाळिशीचा, काटकुळा, खिशात कायम पिवळं फडकं. घरातला दात घासायचा ब्रश जुना झाला की त्याची बदली दुकानात व्हायची, आणि उरलेलं आयुष्य तो की-बोर्डच्या फटी घासण्यात काढायचा. सत्यवानाची बायको पूजा चारचौघींत म्हणायची, "आमच्या ह्यांका बायल कित्या व्हयी होती गो? केरसुणी पुरली आसती." हे त्याच्या कानावर घालणारे गावात कमी नव्हते. त्याने ते ऐकून घेतलं आणि अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "हिराची की मोळाची?"

ह्याच माणसाच्या हातून २००६ सालच्या गणपतीच्या चवथीला एक झाडलोट अशी झाली, की पुढे कित्येक महिने त्याच्या तोंडाला चव नव्हती. ती कशी झाली हे कळायला त्या मशीनांचं पोट थोडं उघडून दाखवावं लागेल.

मशीन कणकवलीतल्या एका बंद पडलेल्या क्लासातून आणलेली. डिस्कचे आत दोन भाग: सी हा एवढासा, डी ऐसपैस. स्वयंपाकघर एका माणसापुरतं आणि पडवी मात्र वरातीला पुरेल एवढी, असं घर. आता ब्राउझरची सवय अशी की आपण बघितलेल्या प्रत्येक पानाची, प्रत्येक फोटोची एक प्रत तो न सांगता सीमध्ये ठेवून देतो. पुन्हा तेच मागितलं की घरातली प्रत काढून देतो. ह्या साठ्याला कॅशे म्हणतात. त्याने सत्यवानाचं सी महिन्याभरात तट्ट फुगलं, मशीन म्हशीसारखी बसकण मारायला लागली. तेव्हा त्याने सेटिंगमध्ये शिरून तो अख्खा साठा डीमध्ये हलवला आणि त्याला भरपूर जागा देऊन टाकली. त्यात त्याचा आणखी एक हिशेब होता. लाइन एकच, तीही वारा सुटला की जाणारी. पण ‘ऑफलाइन’ केलं की आधी पाहिलेली पानं लाइनशिवाय डीमधून उघडायची. वाशीचे आंब्याचे दर सकाळी एकदा उतरवले की दिवसभर बागायतदार तेच पान वाचून हळहळायला मोकळे.

मासे विकणारी चंद्रावती कोयंडे मात्र दर सोमवारी यायची. सोमवारी मासे घेणार कोण? टोपली पालथी घालून अकराच्या सुमारास ती तिठ्यावर हजर. बादलीपाशी बसून कोपरापर्यंत हात धुवायची, तीनदा साबण लावायची, हात नाकाशी नेऊन वास घ्यायची, मग आत. बसायची तीन नंबरवर. एक आणि दोन रिकामे असले तरी तीनच.

तिचा एकुलता एक मुलगा मितेश मालवाहू बोटीवर भटारखान्यात होता. त्याने कुठल्याशा फुकटच्या फोटो-साइटवर आपले अकरा फोटो टाकले आणि फोन करून पत्ता सत्यवानाला सांगितला. तो पहिला दिवस चंद्रावतीच्या तोंडून गावातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाने बांगड्यासोबत ऐकलेला. लाइन मंद, फोटो वरून खाली एकेक बोट उतरत होता. आधी आभाळ. मग केस. मग कपाळ.

"सत्यवाना, हो मितेशच मा रे? केस तेचे वाटतत."

"थांब गो काकी, येता. सावकाश येता."

"येव दे, येव दे. घाई नाय आसा माका." मग डोळे उतरले, आणि ती खुर्चीतून अर्धी उठली. "इलो! कसो हसता बघ. बारीक झालो."

"काकी, अजून तोंडच इलाहा. बारीक झालो ह्यां खंयसून ठरवलंस?"

"मी आवस आसंय तेची," चंद्रावती म्हणाली.

चार महिन्यांनी कंपनीचं पत्र आलं. इंग्रजी पत्र म्हणजे ते सत्यवानाकडेच वाचायला येणार. वाऱ्याच्या दिवशी मितेश डेकवरून नाहीसा झाला, शोध घेतला, सापडला नाही. सत्यवानाने पत्र दोनदा मनात वाचलं आणि मोठ्याने सांगताना एवढंच म्हणाला, "तो सापडत नाय हा, काकी." तिने ते शब्द तसेच उचलले. सापडत नाही म्हणजे शोधतायत. वाडीतल्या जाणत्यांनी समजावलं, भटजींनी गवताचा पुतळा करून क्रिया उरकायचा मार्ग सांगितला, तिने सगळ्यांना चहा दिला आणि कुणाचं ऐकलं नाही. दिवस केले नाहीत. सुतक पाळलं नाही. त्या वर्षी गणपतीही आणला. लोक म्हणाले, चंद्रावतीचं डोकं फिरलं. तिच्यासमोर बोलायची हिंमत नव्हती, कारण मासे तिच्याकडूनच घ्यायचे होते.

ती सोमवारी यायची, अकरा फोटो बघायची. मितेश भांड्यांच्या ढिगासमोर. मितेश दोन परक्या मित्रांच्या मध्ये. मितेश कठड्याला टेकून. सत्यवान पडद्यावरच्या ‘मितेश’ नावाच्या चित्रावर टिचकी मारून पान उघडून द्यायचा, ऑफलाइनच. लाइन कशाला अडकवायची?

त्याने तिला किती वेळा सांगितलं होतं. "काकी, कणकवलीक न्हेवन छापून आणतंय. घरात एक तरी ठेव."

"आणि लावू खंय?"

"भिंतीर लाव."

"भिंतीर लावलो काय कोण तरी हार घालतलो. हय तेका कोण हार घालता? हय बरो आसा तो."

सत्यवानाने मग विचारणं सोडलं. सीडीवर एक प्रत काढून ठेवावी हे त्याच्यासारख्या नीटनेटक्या माणसाला सुचलं नाही. फोटो साइटवर आहेत, साइट कुठे पळून जातेय, असं तो धरून चालला होता.

मग चवथ आली. चवथ आली की इकडे घराचा कोपरा न कोपरा खरवडून काढतात, माळ्यावरची भांडी चिंचेने घासतात. सत्यवानाने दुकानाला स्वतः चुना काढला, पंख्याची पाती उतरवून धुतली, आणि शेवटी मशीनांकडे वळला. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून त्याने साफसफाईचं सॉफ्टवेअर घातलेलं होतं. गेल्या वर्षी त्याने एक आणि दोन नंबर पार पुसून नव्याने उभे केले होते. तीन नंबरचा मात्र त्याला राग होता. सॉफ्टवेअर तिथे फिरायचं, पापणी लवते न लवते तोच सांगायचं: ब्राउझरच्या फाइली, शून्य. आणि इकडे डी भरत चाललेलं उघड दिसत होतं.

बाकड्यावर पेपर वाचत भाई बसलेले असायचे, निवृत्त पोस्टमन. त्यांनी आत डोकावून सगळं ऐकून घेतलं. "सत्या, तुझो झाडूवालो जुन्या पत्त्यार जाता रे. घराक कुलूप बघता आणि ‘मालक गाव सोडून गेलो’ असो शेरो मारून परत येता."

"तसाच आसा," सत्यवान म्हणाला. "घर हलवलंय मीच. तेका नवो पत्तो देवक व्हयो."

"दी मगे. मी आयुष्यभर ताच केलंय."

त्याने सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये डीमधल्या फोल्डरचा पत्ता लिहिला. पुन्हा शून्य. पत्ता तपासला, बरोबर. पुन्हा शून्य. भाई म्हणाले, बेत राहू दे, चवथीनंतर बघ. पण भिंतीच्या फटीतला केर काडीने काढणारा माणूस तो! दोन दिवस तो त्यातच होता. शेवटी त्याच्या लक्षात आलं की ब्राउझर आपला साठा दडवलेल्या फोल्डरात ठेवतो, विंडोज ते नेहमीच्या डोळ्यांना दाखवतच नाही. त्याने दडवलेलं दाखवायचा पर्याय चालू केला. तेव्हा डीमध्ये एक फिकट फोल्डर उमटलं, त्याच्या पोटात दुसरं, आणि त्याच्या पोटात वेड्यावाकड्या नावांची कितीतरी. त्याने त्या दुसऱ्या फोल्डरचा पत्ता उचलून सॉफ्टवेअरला दिला, ‘आतल्या सगळ्या फोल्डरांसकट’ ह्या चौकटीत खूण केली आणि शोध लावला.

आकडा चढायला लागला. थांबेचना. एकोणीस हजार चारशे फाइली.

"भाई! गावलो! इलो हातात!"

"किती आसा?"

"डोंगर आसा, भाई. तीन वर्सांचो."

त्याने ‘पुसा’ दाबलं. एवढ्यावर भागलं नाही. पुसल्यावर डिस्कवर मोकळ्या जागा विखरून राहतात, त्या एकत्र आणणारं आणखी एक काम असतं, ते त्याने लावलं. संपूर्ण दुपार तो पडद्यावरच्या रंगीत चौकटी सरकताना बघत बसला, चेहऱ्यावर समाधान असं की जणू स्वतःच्या लग्नाचा अल्बम चाळतोय. पूजाने जेवायला तीनदा निरोप पाठवला. घरी आल्यावर तो तिला म्हणाला, "औंदा खऱ्या अर्थान चवथीची सफाई झाली." ती वडीच्या पिठात हात घालून होती, तिने वरही पाहिलं नाही.

पाच दिवसांचे गणपती गेले आणि पुढच्या सोमवारी चंद्रावती आली. हात धुतले, वास घेतला, बसली. पदरातून तिने दोन मोदक काढून टेबलावर ठेवले. सत्यवानाने ‘मितेश’वर टिचकी मारली.

पांढरं पान. हे पान ऑफलाइन उपलब्ध नाही, अशी ओळ.

त्याच्या डोक्यात अजून काही शिरलं नव्हतं. बरं, पुन्हा उतरवू, म्हणून त्याने लाइन जोडली. मोडेम कोकलला, जोडला गेला, आणि फोटोंच्या जागी इंग्रजीत चार ओळी आल्या. ही सेवा फेब्रुवारीत बंद झाली आहे. सर्व सदस्यांना आपापले फोटो तीस दिवसांत उतरवून घ्यावेत म्हणून ई-मेलने कळवण्यात आले होते.

कळवलं कुणाला? मितेशला.

सत्यवानाने त्या ओळी तीनदा वाचल्या. फेब्रुवारीपासून ही बाई दर सोमवारी जो मुलगा बघत होती, तो जगात फक्त एका ठिकाणी होता. तीन नंबरच्या डीमध्ये. आणि तिथला पत्ता आपण दोन दिवस खपून, भाईंना साक्षीला ठेवून, झाडूवाल्याच्या हातात दिला.

"काय लिवलाहा रे?" चंद्रावतीने विचारलं.

"लाइन... लाइन नाय हा, काकी."

"पण तू तर माका लाइनीशिवाय दाखवतंस."

चुकलं. त्याने घाईने पडदाच बंद केला. "मशीन बिघडलीहा. पुढच्या सोमवारी ये."

"बरा," ती म्हणाली. जाताना दारातून मागे वळली. "मोदक खा हां. मुंग्ये लागतले, मगे तूच बोंबलशीत."

तो आठवडा सत्यवानाने मशीनपुढे काढला. पुसलेल्या फाइली परत आणणारं सॉफ्टवेअर त्याने आणलं, पुन्हा पुन्हा फिरवलं. नुसतं पुसलं असतं तर बरंच काही हाती लागलं असतं. पण त्या दुपारी सरकलेल्या रंगीत चौकटींनी रिकाम्या झालेल्या जागेवर दुसरं सामान आणून बसवलं होतं. अकरापैकी सात फोटोंचा मागमूस नव्हता. तीन फोटोंची नुसती नावं सापडली, उघडले तर काही नाही. एक उघडला: आभाळ, केस, कपाळ, भुवयांचा काठ. त्याखाली करडा रंग, तळापर्यंत.

फडकं खिशातच राहिलं. एक नंबरच्या की-बोर्डवर कुणीतरी शेंगदाण्याची सालं टाकून गेलं, ती तशीच. भाईंनी सालं बघितली, मग सत्यवानाकडे बघितलं आणि त्या दिवशी एकही टोमणा न मारता पेपर मिटून घरी गेले.

दुसऱ्या सोमवारी त्याने साडेदहालाच शटर अर्ध्यावर ओढलं आणि आत बसून राहिला. अकराला बाहेर तांब्याचा आवाज झाला. मग बाकडं करकरलं. मग काहीच नाही. तासाभराने शटरखालून वाकून पूजा आत आली, हातात डबा.

"अवो, भायर चंद्राकाकी बसलीहा. हात धुवन. ओले हात मांडयेर ठेवन. आणि तुमी हय आत काय करतास?"

त्याने तिला सगळं सांगितलं. घरी आठ दिवस सांगितलं नव्हतं. पूजा नेहमीप्रमाणे काहीतरी लागेल असं बोलेल म्हणून तो खाली मान घालून बसला. तिने डबा ठेवला आणि शटर पूर्ण वर सारलं.

"काकी, आत ये गो," ती म्हणाली. "ह्यांका तुका काय तरी सांगूचा आसा."

सत्यवानाने तो एक फोटो उघडला.

आभाळ आलं, केस आले, कपाळ आलं. चंद्रावती पुढे झुकली. भुवयांशी येऊन फोटो थांबला. ती थांबली. हात मांडीवर, डोळे करड्या रंगावर. बाहेरून देवगडची एसटी गेली, काचा थरथरल्या, शांत झाल्या.

"येतलो," ती सत्यवानाला धीर दिल्यासारखं म्हणाली. "पयलो पण असोच इल्लो, सावकाश. घाई नाय माका."

"काकी, हो येवचो नाय."

"लाइन नाय?"

"लाइन आसा. एवढोच उरलोहा. बाकीचो मी पुसून टाकलंय, काकी. चवथीच्या सफाईत. माका म्हायत नाय होता तो हयच आसा म्हणान."

पूजाने तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. सत्यवान वाट बघत होता, ती शिव्या देईल म्हणून. मासळी बाजारात तिच्या शिव्यांना मान होता, एक जरी मिळाली असती तरी त्याने ती हात जोडून घेतली असती.

"मी पण तेचो शर्ट धुतलंय औंदा," चंद्रावती शेवटी म्हणाली. "चवथीक. दोन वर्सा धुवक नाय होतंय. दांडयेर होतो, काढलंय, साबण लावलंय. मगे वास घेवन बघलंय." तिने हात नाकाशी नेला आणि खाली ठेवला. "साबणाचोच वास इलो."

ती उठली. चपला घालून तिठ्यावरून खाली वाडीकडे गेली. त्या वेळी तिठ्यावर पाचसहा माणसं तरी होती, आणि कुणी तिला उद्या ताजं काय आणणार म्हणून विचारलं नाही.

गुरुवारी ती मासे विकून परतताना दुकानाच्या दारात थांबली. हात धुतलेले नव्हते, म्हणून उंबऱ्याबाहेरच. टोपली डोक्यावर.

"सत्यवाना, रविवारी म्हाळ घालतंय. मितेशच्या नावान जेवक तू बस."

पितृपक्षात इकडे गेलेल्याच्या नावाने एका माणसाला पानावर बसवतात. त्याने खाल्लं की गेलेल्याला पोचलं, असं धरतात. सत्यवान उठून दारात आला.

"माका नको, काकी. माका कसा... दुसऱ्या कोणाक तरी सांग. मितेशच्या वयाचो कोण तरी."

"तुज्याकडेच होतो मा तो? दोन वर्सा." तिने टोपली नीट केली. "बाराक ये. उपाशी ये."

रविवारी तो धुतलेला शर्ट घालून गेला. पडवी सारवलेली, केळीचं पान मांडलेलं. वाडीतली चार जाणती माणसं कडेने बसली होती, त्यांच्या तोंडावर सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. दोन वर्षं अडून राहिलेलं एकदाचं मार्गी लागत होतं ना! भिंतीवर फोटो नव्हता. लावायला होता कुठला?

तिने स्वतः वाढलं. वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, भेंड्याची भाजी, अळू, खीर. "उसळीत खोबरा जास्त घातलंय," ती म्हणाली, कोणाला ते तिने सांगितलं नाही. सत्यवानाने पहिला घास घेतला. पाण्यासोबत ढकलला. पान टाकायचं नसतं, कणही ठेवायचा नसतो, हे त्याला ठाऊक होतं. तो खात राहिला. ती समोर बसून त्याच्या हाताकडे बघत राहिली, वडा संपायच्या आत दुसरा वाढत राहिली, आणि त्याने एकदाही नको म्हटलं नाही.

पान स्वच्छ झालं. रीत अशी की घरच्याने विचारायचं आणि बसलेल्याने उत्तर द्यायचं; तो भरलं म्हणाला की गेलेला तृप्त होऊन आपल्या वाटेला लागला.

"पोट भरला?" चंद्रावतीने विचारलं.

सत्यवानाने पानाकडे बघितलं. हे उत्तर दिलं की काय होणार, हे तिला कळत होतं तसंच त्यालाही.

ती थांबली होती.

"भरला, आये," तो म्हणाला.

तिने तांब्या उचलून त्याच्या हातावर पाणी घातलं. हात नीट धुऊन होईपर्यंत घालत राहिली.

"मगे जा आता," ती म्हणाली. "सावकाश जा."